कालव्यातली नाव ओढणारा घोडा आणि काठावरचा तबेला: देखाव्यासाठी नेमकी मापं हवी आहेत

खारीगाव_कळवा

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीच्या देखाव्याचा विषय ‘इंजिनाआधीची वाहतूक’ असा आहे. बैलगाडी, पालखी आणि शिडाचा मचवा हे भाग तयार आहेत. चौथा भाग इंग्लंडमधल्या जुन्या कालव्याचा. पाण्यात लांबोडकी नॅरोबोट, काठाच्या वाटेवरून दोराने ती ओढणारा घोडा, एक कमानीचा पूल आणि मागे घोड्यांचा तबेला. मॉडेल चालतं हवं, नुसतं मांडलेलं नको.

प्रमाण १:२४ ठरवलं आहे. टाकी प्लायची, ८ फूट लांब आणि २ फूट रुंद, आत जाड ताडपत्री. नाव ९० सेंटीमीटरची झाली आहे. घोडा काठावरच्या खाचेतून सरकतो, खाली पट्टा आणि मोटर.

अडचणी अशा. नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला दोर बांधला की नाव हातभर सरकते आणि नाक काठात खुपसते. सुकाणू कितीही वळवलं तरी तेच. दुसरं, पुलापाशी दोराचं काय करत असत? घोडा पुलावरून आणि नाव खालून गेली तर दोर अडकणारच. तिसरं, तबेल्याच्या आत नक्की काय काय असतं आणि कोणत्या मापाचं? जालावर फोटो बाहेरचेच मिळतात. आणि शेवटचं, मंडळातल्या काहींचं म्हणणं आहे की इंग्लंड कशाला, आपलं घोडबंदरच दाखवू, तिथेही घोडे नावा ओढत असतील. हे बरोबर आहे का?

---

दोरखंड_ऐरोली

नाव काठात घुसते त्यात सुकाणूचा दोष नाही, दोर चुकीच्या जागी बांधला आहे.

घोडा नावेच्या सरळ पुढे नसतो, तो बाजूच्या वाटेवर असतो. त्यामुळे दोराची ओढ थोडी पुढे आणि थोडी काठाकडे जाते. दोर नाळेला बांधला की काठाकडची सगळी ओढ नाकावर येते आणि नाव तिथेच वळते. खऱ्या नॅरोबोटीत म्हणून ओढण्यासाठी एक वेगळी बुटकी डोलकाठी असते. ती नाळेपासून नावेच्या लांबीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर उभी करतात. तिथून ओढलं की नाव जवळजवळ सरळ राहते आणि उरलेला कल सुकाणू सांभाळतं. तुमच्या ९० सेंटीमीटरच्या नावेत ही काठी नाळेपासून २२ ते ३० सेंटीमीटरवर येईल. आधी २५ वर भोक पाडा, पुढेमागे दोन भोकं जास्तीची ठेवा आणि पाण्यात बघून पक्की करा. काठी फार मागे, मध्यावर नेली तर उलटा त्रास होतो. नाव सुकाणूला वळते खरी, पण नाक बाहेरच्या काठाकडे भरकटतं.

दुसरं कारण दोराच्या लांबीचं. तुम्ही लांबी लिहिली नाही, पण टाकी ८ फुटी आहे म्हणजे दोर आखूड ठेवला असणार. खरा दोर साधारण २५ मीटरचा असे. घोडा आणि नावेची मधली रेघ यांत ४ मीटर आडवं अंतर धरलं तर २५ मीटरच्या दोराचा कोन ९ अंशांच्या आसपास येतो आणि ओढीचा सहावा हिस्सा काठाकडे जातो. हाच दोर ८ मीटरचा केला की कोन ३० अंश होतो आणि निम्मी ओढ काठाकडे. म्हणजे घोड्याची बरीच ताकद नाव काठावर घासण्यातच वाया जाते. १:२४ ला दोर १ मीटर ४ सेंटीमीटर हवा. यात तडजोड करू नका.

आता वाईट बातमी. दोर डोलकाठीपासून पुढे १०४ सेंटीमीटर, म्हणजे घोडा नाळेच्या पुढे जवळपास ८० सेंटीमीटरवर. त्यात नाव ९० ची. घोड्यापासून सुकाणूपर्यंत १७० सेंटीमीटरची गाडी झाली. ८ फुटी टाकी २४४ सेंटीमीटरची. सरकायला ७४ सेंटीमीटर उरतात. तीन-साडेतीन सेकंदांत खेळ खलास. एकतर दोन टाक्या लांबीत जोडून १६ फूट करा, नाहीतर प्रमाण १:४८ करा. पण १:४८ ला घोडा जेमतेम ३ सेंटीमीटरचा होतो, मंडपातल्या गर्दीत तो दिसणार नाही. मी १६ फूटच सुचवेन. दोन फुटांची रुंदी पुरते: कालवा ४० सेंटीमीटर, घोड्याची वाट १० आणि पलीकडचा धक्का १०. कालव्यात पाणी ६ सेंटीमीटर भरलं तर सुमारे ११७ लिटर होईल, म्हणजे जवळपास १२० किलो. मंचाच्या फळ्यांना खालून टेकू द्या.

जागा नसेल तर एक खरा पर्याय आहे. श्रॉपशरच्या जुन्या कालव्यांवर टब-बोट नावाच्या आखूड, चौकोनी पेटीसारख्या नावा चालत. लांबी सुमारे २० फूट, माल ५ टनांच्या आसपास, आणि अशा डझनभर एकामागे एक बांधून एक घोडा ओढत असे. १:२४ ला एक नाव २५ सेंटीमीटरची. ८ फुटांत दोन टब-बोटी छान चालतील.

---

भौतिकी_घणसोली

वरच्या उत्तराला जोडून वजन आणि वेग. चालत्या मॉडेलमध्ये खोटेपणा पहिल्यांदा इथेच दिसतो.

खरी नॅरोबोट सुमारे ७० ते ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद. माल २५ ते ३० टन. भरल्यावर बूड पाण्यात साधारण एक मीटर. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून टोकांच्या निमुळतेपणाचे थोडे वजा केले की नाव आणि माल मिळून ४० टन येतात. पाठीवर माल लादलेला घोडा सव्वाशे किलोच्या आसपास नेतो, चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर दोन टन, आणि तोच घोडा पाण्यावर तीस टन. वॉर्स्लीच्या खाणींपासून मँचेस्टरकडे जाणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला, त्याचं कारण हेच.

पण तीस टन नेता येतात ते सावकाश. जेम्स वॉटने धरलेली एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे ताशी ४ किलोमीटर चालणारा घोडा या हिशोबाने सुमारे ७० किलोची ओढ देतो. चाळीस टन जागचे हलवायला ७० किलो! पाण्याचा अडथळा शून्य धरला तरी नावेला चालीचा वेग यायला एक मिनिटाहून जास्त लागतं. म्हणून तुमचा घोडा मोटर चालू केल्याक्षणी पूर्ण वेगात निघाला तर ते खोटं दिसेल. खरा घोडा आधी अंगाचा भार कॉलरवर, म्हणजे गळ्यातल्या भरीव कड्यावर टाकतो, पाय रोवून तसाच झुकून राहतो, दोर ताणतो, आणि मग नाव हलली की पहिलं पाऊल पडतं. झटका देणारा घोडा नावाड्याला नको असे. झटक्याने दोर तुटतो नाहीतर घोड्याचा खांदा दुखावतो. मोटरला वेग हळूहळू वाढवणारा रेग्युलेटर लावा, शून्यापासून पूर्ण वेगाला आठ-दहा सेकंद.

प्रमाणातला वेग काढताना १.१ ला २४ ने भागू नका. लाटा खऱ्यासारख्या दिसायला २४ च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे ४.९ ने. सेकंदाला २२ सेंटीमीटर येतात. ६० आरपीएमची १२ व्होल्टची गिअर मोटर आणि ७ सेंटीमीटर व्यासाची पुली घेतलीत तर नेमका हाच वेग मिळेल. वजन मात्र २४ च्या घनाने भागायचं: ४० टनांचे २.९ किलो. तुमची प्लायची रिकामी नाव पाण्यावर पानासारखी तरंगत असेल, म्हणूनही ती भरकटते. तळाशी वाळूच्या पिशव्या किंवा लोखंडी पट्ट्या ठेवून भरा, बूड ४ सेंटीमीटर बुडलं पाहिजे. खाली पाणी मात्र ५ ते ६ सेंटीमीटरच. खरे कालवेही असेच उथळ, चार-पाच फुटांचे.

उथळपणाचा एक परिणाम माझा फार आवडता आहे. अरुंद उथळ पाण्यात नाव वेगाने ओढायला गेलं की तिच्यापुढे पाणी फुगतं आणि घोडा त्या फुगवट्यावर नाव चढवत बसतो. ताशी ४ किलोमीटरचे ६ करायला दीडपट नव्हे, दुपटीहून जास्त ओढ लागते. १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल हे स्कॉटिश इंजिनिअर एडिंबराजवळच्या युनियन कालव्यावर दोन घोड्यांनी ओढलेली नाव पाहत होते. नाव अचानक थांबली आणि पुढचा फुगवटा तिला सोडून एकटाच पुढे निघाला, आकार न बदलता. घोड्यावर बसून त्यांनी एक-दोन मैल त्याचा पाठलाग केला. आज ऑप्टिकल फायबरच्या अभ्यासात ज्याला सॉलिटन म्हणतात त्याची सुरुवात तिथे आहे.

---

खारीगाव_कळवा

दोघांचेही मनापासून आभार. मंडप २० फूट रुंद आहे, म्हणजे १६ फुटी टाकी बसते. डोलकाठी आज २५ सेंटीमीटरवर लावून वजन भरून पाहिलं, नाव सरळ जाते! पूल आणि तबेला कोणी सांगेल का? आणि दोर कशाचा घ्यावा? शिलाईचा दोरा ओला होऊन पाण्याला चिकटतो.

---

दोरखंड_ऐरोली

खरा दोर सुती असे. सुताला थोडा ताण असतो, घोड्याच्या प्रत्येक पावलाचा हिसका तो गिळतो. जाडी बोटाएवढीही नाही, १२ मिलिमीटरच्या आसपास. तुम्हाला अर्धा मिलिमीटर हवा. पतंगाचा साधा मांजा नको, तो चमकतो. चपला शिवायचा मेणाचा सुती दोरा घ्या, तो पाणी धरत नाही.

दोराचा फास डोलकाठीवरच्या खुंटीवर नुसता अडकवलेला असतो, गाठ मारलेली नसते. घोडा थांबला आणि नाव पुढे सरकली की फास सुटला पाहिजे, नाहीतर चाळीस टनांची नाव घोड्याला मागून पाण्यात खेचेल. नावेला ब्रेक नसतो हे लक्षात घ्या. थांबवायची तर नावाडी काठावरच्या लाकडी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देऊन हळूहळू सोडत जातो आणि वेग मारतो. धक्क्यावर असे दोन जाड खुंट ठेवा, मधोमध झिजून बारीक झालेले. बघणाऱ्याला कळलं नाही तरी चालेल, ते तिथे असले पाहिजेत.

आता पूल. पुलाखालून काठाची वाटही जात असेल तर काहीच प्रश्न नाही, घोडा आणि नाव दोघं खालून जातात. फक्त दोर कमानीच्या कोपऱ्याला घासतो. पाण्यात भिजलेल्या दोराला रेती चिकटलेली असते, त्यामुळे तो करवतीसारखा कापतो. म्हणून कोपऱ्यावर ओतीव लोखंडाच्या पट्ट्या बसवत, आणि वर्षानुवर्षांच्या दोरांनी त्या लोखंडातही बोट जाईल अशा खाचा पाडल्या आहेत. लंडनच्या रीजंट्स कालव्यावरचा मॅकल्सफील्ड पूल १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये बंदुकीच्या दारूने भरलेल्या नावेच्या स्फोटात उडाला. पुन्हा बांधताना तेच लोखंडी खांब वापरले, पण फिरवून बसवले. त्यामुळे त्या खांबांवर दोन्ही अंगांना खाचा आहेत, एका बाजूच्या स्फोटाआधीच्या आणि दुसऱ्या नंतरच्या. तुमच्या पुलाच्या कोपऱ्यावर गोल कानशीने तीन-चार तिरप्या खाचा करा आणि त्यांना काळपट चकाकी द्या.

खरी गंमत वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तिथे आहे. तिथे घोड्याला पूल ओलांडावाच लागतो. दोर न सोडता ते कसं करायचं? नियम एकच: चढ आणि उतार दोन्ही पुलाच्या एकाच अंगाला हवेत. समजा घोडा डाव्या काठाने येतोय. तो आधी पुलाखालून पलीकडे जातो, मग गोल वळणाने मागे फिरून चढावरून पुलावर येतो, पूल ओलांडतो आणि उजव्या काठाला त्याच पलीकडच्या अंगाला उतरतो. नाव तेवढ्यात खालून येते. दोराने पुलाला वेढा घेतलेलाच नाही, त्यामुळे अडकत नाही. चढ एका अंगाला आणि उतार दुसऱ्या अंगाला केलात तर दोर कठड्यावरून जाईल, नाव खालून जाईल आणि पूल मध्ये अडकेल. १८३१ च्या मॅकल्सफील्ड कालव्यावर असे सापाच्या वेटोळ्यासारखे दगडी पूल आहेत, पाहायला अतिशय देखणे. चालत्या मॉडेलमध्ये घोड्याची खाच अशी वळवणं मात्र अवघड आहे. तुम्ही स्ट्रॅटफर्ड कालव्याची युक्ती वापरा. तिथे काही पूल मधोमध दुभंगलेले आहेत, दोन्ही काठांवरून लोखंडी अर्धे पुढे आलेले आणि मध्ये दोर जाईल एवढी फट. घोडा पुलाच्या बाजूने जातो, दोर फटीतून जातो. १:२४ ला एक-दीड मिलिमीटरची फट पुरेशी आहे.

समोरून दुसरी नाव आली तर एक घोडा थांबतो, त्याचा दोर सैल पडून बुडतो, दुसरी नाव त्या दोरावरून जाते आणि तिचा घोडा दोर ओलांडून चालतो. लॉकमधून, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या पाण्याच्या पायरीतून, नाव बाहेर काढताना अजून एक सोय असे. दोराचं टोक काठावरच्या आकड्याला अडकवायचं, दोर डोलकाठीवरच्या कप्पीतून फिरवून घोड्याकडे न्यायचा. ओढ दुप्पट होते, घोडा मात्र दुप्पट चालतो. दोरात एक लाकडी खुंटी ओवलेली असते. नाव आकड्यापाशी आली की फास गळून पडतो, खुंटी कप्पीत अडकते आणि तिथून पुढे ओढ थेट. ना गाठ सोडायची, ना थांबायचं.

---

नालबंद_माथेरानवाट

तबेल्याचं मी सांगतो. सोबत घोड्याच्या साजाचंही, कारण देखाव्यांत नव्वद टक्के चुका तिथे होतात.

बाजारात मिळणारा खेळण्यातला घोडा बहुतेक खोगीर चढवलेला असतो. माथेरानचे घोडे पाहून काढलेली चित्रंही तशीच. ते स्वारीचे घोडे. ओढीच्या घोड्याला खोगीर नसतं, त्याच्या गळ्यात भरीव गोल कॉलर असते आणि ओढ खांद्यावर येते. कॉलरच्या दोन्ही बाजूंनी दोन पट्टे मागे जातात आणि घोड्याच्या मागे एका आडव्या दांडीला मिळतात. दांडीच्या मधोमध आकडा, आकड्याला दोर. ही दांडी नसेल तर पट्टे मागच्या पायांना आवळून सोलतात. पट्ट्यांवर लाकडी मणी ओवलेले असतात, लाल, पिवळे, निळे रंगवलेले. ते शोभेसाठी नाहीत, पट्टा अंगावर घासू नये म्हणून. तुम्ही मोठे रंगीत मोती वापरा. तोंडाला तोबरा बांधा. पत्र्याचाही तोबरा असे, फुलं रंगवलेला. हे घोडे चालता चालता खात. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, एका वेळी पोटभर देऊन दिवसभर राबवता येत नाही, थोडं थोडं सारखं द्यावं लागतं. उंची खांद्यापाशी १५ हात धरा. घोड्याचा हात म्हणजे ४ इंच, त्यामुळे १५२ सेंटीमीटर, मॉडेलमध्ये ६.३. यापेक्षा उंच, भारदस्त घोडा दाखवू नका, कमानीखालून जाणारा घोडा आटोपशीरच लागतो.

तबेला. चार ठाणांचा करा. ठाण म्हणजे एका घोड्याची उभं राहायची जागा. रुंदी १.७ मीटर, लांबी २.८ ते ३, मागे चालायला १.७ ची गल्ली. मॉडेलमध्ये ठाण ७ बाय १२ सेंटीमीटर, गल्ली ७. म्हणजे आतून लांबी २८ अधिक मधल्या फळ्यांची जाडी, आणि खोली १९. छत ११ ते १२ सेंटीमीटरवर. दार ५ सेंटीमीटर रुंद आणि साडेनऊ उंच, बाहेर उघडणारं. आत उघडणारं दार नको: घोडा दाराला टेकून आडवा पडला तर कोणी आत जाऊ शकत नाही. दाराच्या चौकटीच्या विटा गोल कोपऱ्याच्या, कारण घोडा वळताना पुठ्ठा चौकटीला लागतो.

जमीन निळसर काळ्या कडक विटांची, त्यांवर चौकटीसारख्या खाचा. खाचांमुळे नाल घसरत नाही आणि मूत वाहून जातं. ठाणाला मागच्या बाजूला अगदी किंचित उतार आणि उताराच्या शेवटी उघडं गटार. उतार जास्त दिला तर घोडा रात्रभर पुढच्या पायांनी चढावर उभा राहतो आणि शिरा सुजतात. उतार नाही दिला तर ओल साचते आणि खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग कुजायला लागतो. काळा, घाण वास येणारा चिखल निघतो त्यातून. कालव्याच्या घोड्यांना हा त्रास जास्त, कारण दिवसा वाटही ओलीच.

पुढच्या भिंतीला एक मीटर उंचीवर गव्हाण, बाजूला गवताची जाळी. बांधण्याची पद्धत नीट दाखवा: गव्हाणीच्या कडीतून दोर खाली जातो आणि टोकाला लाकडाचा गोळा लोंबतो. घोडा पुढे आला की गोळा दोर खाली ओढून घेतो, सैल पडू देत नाही. सैल दोरात रात्री पाय अडकला की घोडा स्वतःला मोडून घेतो. खिडक्या लहान आणि डोक्याच्या वर, हवा यावी पण पाठीवर झोत नको. घामेजलेल्या घोड्याला थंड झोत वाईट. वर माळा, वाळलेल्या गवताचा, त्याला धक्क्याच्या बाजूने दार आणि वर कप्पी, म्हणजे नावेतून गवताचे भारे थेट वर. शेजारी साज ठेवायची छोटी खोली. कॉलर भिंतीवर उलटी टांगतात, रुंद बाजू वर, नाहीतर आकार बिघडतो. शेणाची उकिरडी तबेल्यापासून दूर. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास लीद टाकतो, ती नावेत भरून शेतांवर जात असे.

खुराक: रोज ओट ६ ते ८ किलो, तेवढंच गवत, ३० ते ४० लिटर पाणी. सुट्टीच्या दिवशी ओट निम्म्याहून कमी करायचे. पूर्ण खुराक देऊन घोडा नुसता उभा राहिला तर दुसऱ्या दिवशी जुंपल्यावर पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, घोडा जागचा हलत नाही. इंग्रजांत याला सोमवारचा आजारच म्हणत. अनेक घोडे एकाच हौदावर पाणी पीत तिथे ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग पसरे आणि तो माणसालाही होतो. म्हणून जाणता नावाडी आपली बादली वेगळी ठेवी. ही बादली दाराशी जरूर ठेवा, रंगवलेली.

तबेले कुठे असत? लॉकच्या ओळीपाशी, धक्क्यांवर, आणि काठावरच्या पबमागे. कुटुंबाच्या नावेचा घोडा एकच असे, तो दिवसभर चालून रात्री पबच्या तबेल्यात. घाईच्या मालाच्या नावा रात्रंदिवस चालत आणि ठरावीक टप्प्यांवर घोडे बदलत. चेशरमधल्या बनबरी लॉकपाशी अशा नावांच्या घोड्यांचा मोठा तबेला अजून उभा आहे. लंडन कॅनॉल म्युझियमची इमारत मुळात बर्फाचं गोदाम. तिथे घोडे वरच्या मजल्यावर राहत, उताराच्या वाटेने चढून जात. अमेरिकेत १८२५ च्या ईरी कालव्यावर उलटी पद्धत: तबेला नावेतच, नाळेकडे. एक जोडी ओढत असताना दुसरी आत विश्रांती घेई आणि सहा तासांनी फळी टाकून अदलाबदल.

एक शेवटची गोष्ट, मुलांना आवडेल. रीजंट्स कालव्याच्या काठाला पाण्यात उतरणारे दगडी उतार आहेत. शेजारून आगगाडी गेली की घोडे बिचकून पाण्यात पडत, आणि उभ्या काठावरून घोडा वर काढता येत नाही. त्याला पोहवत उतारापर्यंत न्यायचं, तिथून तो स्वतः चढतो. तुमच्या काठात ५ सेंटीमीटर रुंदीचा एक असा उतार करा.

---

भरतीओहोटी_कोपरी

घोडबंदरबद्दल. मंडळाला सांगा, तसं दाखवू नका. घोडबंदरच्या नावात घोडा आहे तो व्यापाराचा. अरबी घोडे जहाजांतून यायचे, असा नावाचा अर्थ सांगतात. तिथे घोडा हा नावेतला माल होता, नाव ओढणारा नव्हे.

आपल्या खाडीत काठावरून नाव ओढता आलीच नसती. घोड्याला बारमाही, पाण्यापासून ठरावीक उंचीवरची सलग कडक वाट लागते. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. भरतीला वाट बुडेल. ओहोटीला पाणी चिखलापलीकडे निघून जाईल आणि मध्ये तिवरांचं रान. दोर पहिल्याच तिवरात गुंतेल. आणि गरजही नव्हती. भरतीबरोबर आत यायचं, ओहोटीबरोबर बाहेर जायचं, वारा असेल तर शीड, नसेल तर वल्हं आणि बांबू. ओढ फुकट मिळत होती. कालव्यात पाणी स्थिर, वारा झाडांनी अडवलेला, म्हणून तिथे घोडा. आपल्या देशात कालव्यांवर नाव ओढली ती बहुतेक माणसांनी. चेन्नईच्या बकिंगहॅम कालव्यावर शीड, बांबू आणि काठावरून दोर ओढणारी माणसं असं चाले.

तुमच्या मचव्याचा भाग आणि हा भाग शेजारी ठेवा आणि मध्ये पाटी लावा: ‘खाडीत भरती ओढते, कालव्यात घोडा ओढतो.’ घोडबंदरला घोडा नावेतून उतरताना दाखवायचा असेल तर तो मचव्याच्या भागात दाखवा, तिथे तो शोभेल.

---

खारीगाव_कळवा

ठरलं. घोडा मचव्यातून उतरणार, कालवा इंग्लंडचाच राहणार. पूल दुभंगलेला करतोय. एकच शंका: बोगदा दाखवायचा झाला तर घोडा आत जात असे का?

---

दोरखंड_ऐरोली

बहुतेक जुन्या बोगद्यांत वाट नसे. घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे नेत, आणि माणसं नावेवर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर उताणी पडून भिंतींवर पाय चालवत नाव पुढे ढकलत. १८११ चा स्टँडेज बोगदा पाच किलोमीटरांहून लांब आहे आणि त्यात वाट नाही. हेअरकॅसलचा पहिला बोगदा १७७७ चा, बिनवाटेचा. शेजारी १८२७ मध्ये टेलफर्ड या इंजिनिअरने दुसरा केला त्यात वाट होती. तुमच्या १६ फुटांत बोगदा बसवू नका, तो घोड्याची खाच आणि दोर दोन्ही तोडेल. फारच हौस असेल तर टाकीच्या टोकाला काळं तोंड रंगवा, आणि घोड्याची वाट त्याच्या बाजूने डोंगरावर चढताना दाखवा.